लंगड्याची साक्ष

—अवो असं न्हाई भाऊ, असं देवाचा टाक धरल्यागत धरलंत तर बेडूक मुतनारच की तुमच्या बाहीवर. झटका बाही, वाळंल, काय हुत न्हाई. हां, आता अंगठा नि हे बोट त्याच्या काखंत — पुढच्या पायांच्या मागं — व्हय, तितंच, नि वाईच दाबा. बगा, केलं का न्हाई किर्र? म्हंजी बाप्या. आता ही थोराड हाय ती धरा. दाबा. आनि दाबा, मरत न्हाई. गप हाय का न्हाई? म्हंजी बाई. बेडकांत बाई गप नि बाप्या किरकिऱ्या, मान्सांत उलटं, असं तुमच्याआधीचे श्रीपतीतात्या म्हनायचे — नि मी म्हनायची, तात्या, एक डाव सांजचं आमच्या वाडीवर येऊन बसा, मंग सांगा कोन किरकिर करतं ते. त्या बाईला सोडा खाली, तिचं काम न्हाई पुन्याला. ती तुमाला शिकवायला आनलेली.

बसा की. बाकड्यावर बसा नीट, अशे कडंला का बसताय. तुमची शटल आजून लोनावळ्याहून सुटली बी नसंल, सुटली का बजरंग पोर्टर घंटा देतो, मंग बी इडी वडायला येळ राहतो. ह्यो तुमचा डबा — भोकं मीच पाडल्यात, आत वल्लं बारदान हाय, धा बाप्ये हायेत, एकेकाची काख दाबून घेतलाय — तितं त्या गाडग्याला हात लावू नका. माजी भाकर हाय त्यात. फडकं कशाला सोडता, भाकरीला काय बगायचं? सरकवते मी ते हिकडं. हां. तर काय म्हनत हुते — तुमी नवं, तुमाला वाटत आसंल ही म्हातारी बेडकाचं काय सांगती. सात वर्सं झाली, तुमच्या ल्याबला बेडूक मी देते. पयल्यांदा तात्या हितंच उतरले, मळवलीला, नि टेशनावर गड्यांना इचारायला लागले का खडबडीत पाठीचं बेडूक कुटं गावतील. गडी हासले. म्हनले पुन्यात खायला काय न्हाई का. मी तवा शेटच्या बंगल्याची पडवी झाडत हुते, मी म्हनलं किती पायजेत? दिवा लागायच्या वक्ताला पडवीच्या दिव्याखाली किडं खायला रांगंनं येऊन बसतात, पंगत बसल्यागत. त्यांना हाकलायचंच माजं काम हुतं. तवापास्नं हाकलायचं सोडलं नि धरायला लागले.

आता बगा, आकाडात म्हनं मान्सं चंद्रावर जाऊन आली. बंगल्यातल्या रेडूवर मी सवता आयकलं. नि खाली पुन्यात एवढी मोठी मोठी डागदर मंडळी, तर बाई पोटूशी हाय का न्हाई हे इचारायला माज्या बेडकाकडं. मला हासू येतं. येतं तर हासू नको का? — पर धरायचं बी शास्तर हाय बरं का, उगं कुटलाबी उचलून डब्यात घातला असं न्हाई. जोडीतनं उठवल्याला नर लगेच द्यायचा न्हाई. त्यो बायकोच्या पाठीवरनं उठल्याला, त्याच्या डोस्क्यात तीच, त्याला कुनाचंबी रगात टोचा, माजं टोचा, तुमचं टोचा, त्यो हायच म्हननार. तुमाला मिशा हायेत तरी म्हनंल हाय. त्याला चार दिस मडक्याखाली वल्ल्या मातीत येकला ठिवायचा, डोकं थंड झालं का मंग त्याचं बोलनं खरं. तात्यांना हे मी सांगितलं. तात्यांनी मोठ्या डागदरांना सांगितलं. मोठे डागदर म्हनले, पुस्तकात बी असंच दिलंय. म्हंजी पुस्तकवाल्याला बी कुनीतरी माज्यासारखीनंच सांगितलं आसंल का न्हाई?

ल्याब बगितली की मी. तात्यांनी नेली हुती. बाईच्या रगताचं वरचं पिवळं पानी घेत्यात सुईत, बेडकाच्या पाठीच्या कातड्याखाली टोचत्यात, मंग त्याला बरनीत बसवायचा नि तुमी लोकांनी च्या प्यायला जायचं. दोन-तीन तासांनी त्याच्या खालून एक थेंब काचंवर घेयाचा नि दुर्बिनीत बगायचं. त्याचं बी वळवळताना दिसलं तर बेडूक म्हनतो हाय. मोकळं पानी दिसलं तर म्हनतो न्हाई. पोटात गर्भ धरला का बाईच्या रगतात कायतरी उतरतं, ते ह्या गड्याच्या अंगात गेलं का ह्याला वाटतं आपलंच लगीन लागलं — असं मला समजलंय, तुमी शिकल्याले, तुमाला येगळं म्हाईत आसंल. मला तात्यांनी दुर्बिनीतनं दावलं. म्हनले लाजू नकोस सारजाबाई. मी म्हनलं मी कशाला लाजू, लाजायचं आसंल तर त्यानं लाजावं.

नि त्यात बी एक लंगड्या हाय माजा. त्याच्यासारखा दुसरा न्हाई. दोन सालामागं भात कापताना माजाच इळा लागला त्याच्या मागच्या पायाला, दोन बोटं गेली. मला लय वाईट वाटलं. हळद लावली — बेडकाला हळद लावनारी बाई बघितली का कुटं, आमची समदी वाडी हासली — पर जगला. नऊ येळा पुन्याला जाऊन आलाय. तात्या आठवडाभर तितं ठिवायचे, मंग मागारी आनून सोडायचे, मी म्हनायची पास काढून द्या त्याला रेल्वेचा. अंबाजी पाटलाची थोरली सून म्हाईत हाय का? तुमाला कशी म्हाईत आसंल. आठ वर्सं पाळना हालला न्हाई. तिचं रगात पुन्याला ग्येलं तवा तीन बेडूक म्हनले न्हाई नि लंगड्या येकला म्हनला हाय. मोठे डागदर म्हनले चुकला आसंल, फिरून बगा. आठ दिसांनी फिरून बगितलं, समदे म्हनले हाय. ह्याला आठ दिस आधी कळलं हुतं. पोरगा झाला, पाटलानं गावजेवान घातलं, सुईनीला लुगडं दिलं, भटाला धोतर दिलं, नि लंगड्याचं नाव कुनी काढलं न्हाई. मी म्हनलं, पाटील, निदान आज दिवा मोठा ठिवा पडवीत, चार किडं जास्ती येतील.

न्हाई, आज डब्यात न्हाई त्यो. — कुटं म्हंजी? आसंल कुटं बी. बेडूक हाय, सालदार न्हाई.

चूक काय बेडकाची हुत न्हाई, भाऊ, मानसाची हुती. म्हनून म्हनते काख दाबून बगा, प्रत्येकाची, मी दिला तरी बगा. तात्यांचंच झालं ना. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला बी कळंना, नि एक डाव त्यांनी चार बाया नेल्या बाप्ये समजून. आता बाई काय सांगनार? तिला कसलंबी रगात टोचा, ती गपच. चारीच्या चारी गप, नि तात्यांनी लिवून दिलं — न्हाई म्हनून. मंग डोळ्याच्या आपरेशनला गेले ते, नि तुमी आलात. तर सांगायचं म्हंजी — आता हे काय काढलं खिशातनं? वही कशाला? अवो मी आपली गोष्ट सांगते, तुमी लिवाय काय लागलात. कवा म्हंजी? भादव्यात. तारीख आमाला कुटली ठावं, भादव्यात, गौरी झाल्या हुत्या. कुनाचं रगात हुतं ते काय मला — आसंल कुना बाईचं. ठिवा ती वही. ठिवा म्हनते ना. तुमचा च्या झाला का? बजरंगच्या खोलीत मिळतो, गुळाचा असतो, पर गरम असतो.

ती तिकडं बगा. फलाटाच्या त्या टोकाला, हिरव्या लुगड्यातली, चनं खातीया. ती माजी सून, गंगी. नि तिच्या शेजारी पिशवी घिऊन हुबा हाय त्यो माजा शिदू. आत्ता चनं खाऊन टरफलं त्याच्याच खिशात टाकतीया नि त्याला आजून पत्ता न्हाई. अशीच हाय ती. लगीन होऊन आली तवा मी तिला बेडूक धरायला शिकवाया गेले तर पयल्याच दिसाला एक माज्या उशाखाली ठिवला. सासूच्या. तुमी हासता, मी त्या राती — जाऊ द्या. मी तिला शिव्या घालते, ती मला. आमची वाडी म्हनती ह्या दोघी भांडत नसल्या तर कुनीतरी आजारी हाय. तुमच्याच गाडीनं जानार हायेत. पुन्याला, मोठ्या दवाखान्यात. — व्हय, तिच्याच कामाला.

सांगते ना. माघात तिला दिस गेले. लंगड्या म्हनला हाय, मी बत्तासे वाटले. नि मंग तिचं पोट असं वाढाया लागलं, भाऊ, तिसऱ्या म्हैन्यात सहाव्याचं दिसाय लागलं. वाडी म्हनली जुळं. मी म्हनलं जुळं, माजी पाठ मोडली आता. सारखी वकायची, पिवळी पडली, नि जेठ सरताना रगात जायला लागलं तवा शिदूनं नि मी तिला हितूनच गाडीत घातली. डागदरीनबाई हुत्या, चस्मा लावल्याल्या, आवाज बारीक पर काम लय टनक. त्या म्हनल्या, आजी, पोटात पोर न्हाई. द्राक्षगर्भ हाय. मी म्हनलं काय हाय? म्हनल्या द्राक्षांच्या घडागत बारीक बारीक पानी भरल्याले मनी, पोराच्या जागी तेच वाढलंय. मला आधी हासूच आलं. म्हनलं बाई, करवंदं म्हना, जांभळं म्हना, आमी रानातली मान्सं — द्राक्षं आमच्या घरात उभ्या जन्मात आली न्हाईत नि आली ती कुटं आली बगा. मी हासत हुते नि शिदू भिंतीकडं तोंड करून रडत हुता.

साफ केलं त्यांनी समदं. वाचली. मंग डागदरीनबाईंनी मला बाजूला घेतली, समजावलं, आन चांगलं समजावलं, मला कळंल असं. म्हनल्या, आजी, घर रिकामं केलं, झाडून काढलं, कडी लावली. आता आतून कुनी बोलल्याचा आवाज आला तर काय समजशील? मी म्हनलं चोर. म्हनल्या, तसंच. त्या द्राक्षांचं बी कुटं चिकटून राहिलं आसलं तर ते बी रगतात तेच सोडतं जे पोर सोडतं. बेडूक काय बोलतो ते बगायचं म्हैन्याच्या म्हैन्याला. पयल्या म्हैन्यात हाय म्हनंल, भ्यायचं न्हाई, ते जुनं उतरतंय. दुसऱ्यात कमी. तिसऱ्यात बंद व्हायला पायजे. नि रिकाम्या घरात तिसऱ्या म्हैन्यानंतर बी बेडूक हाय म्हनत राहिला, तर मंग ते बी फिरलंय — मंग त्यो आजार. आमच्यात नाव घेत न्हाईत. शिदूनं घेतलं बाहेर येऊन, म्हनला आये, क्यान्सर — मी त्याच्या तोंडावर हात ठिवला. बगा, तुमच्यापायी आता माज्या तोंडून गेलं. थू. — आमी रानात वाघाला बी वाघ म्हनत न्हाई, भाऊ. पाव्हना म्हनतो. नाव घेतलं का येतो, आमची आजी सांगायची, तिच्या दोन शेळ्या गेल्या तशा, गुराख्यानं नाव घेतलं म्हनून. तुमी हासा, पर ज्याच्या शेळ्या ग्येल्या त्याला इचारा.

नि डागदरीनबाईंनी शिदूला बी बजावलं, वर्सभर तिला दिस जाऊ द्यायचे न्हाईत, का तर मंग बेडकाला कळत न्हाई पोर का चोर, दोघांचं बोलनं एकच. मी लगेच शिदूला बंगल्यावर राखनीला झोपाय धाडला. त्यो म्हनला आये बंगल्याला राखनदार हाय की. मी म्हनलं आता दोन.

म्हंजी बगा काय उलटं झालं. सात वर्सं मी बाप्ये धरले, वाटलं, हाय म्हना बाबांनो, कुनाच्या तरी घरात पेढं येतील. नि आता मीच रोज सांजचं दिव्याखाली बसून त्यांच्याकडं बगायची — न्हाई म्हना रे. न्हाई म्हना. बेडूक तेच, रगात तेवढं घरचं. पयल्या म्हैन्यात समदे म्हनले हाय. बरं म्हनलं, जुनं हाय. दुसऱ्यात तीन गप झाले. लंगड्या येकला म्हनला हाय. तात्या म्हनले, उतरतंय सारजाबाई, चांगलं हाय. मी तात्यांना म्हनलं व्हय, चांगलं हाय. पर मला पाटलाच्या सुनंचं आठवलं. तवा बी त्यो येकलाच म्हनला हुता. त्याला आठ दिस आधी कळतं ना.

मंग भादवा आला. तात्या हितं, ह्याच बाकड्यावर बसले. आमच्या घरचे बेडूक येगळ्या डब्यात द्यायचे मी, गंगीच्या रगताला घरचेच, आसं तात्यांनी ठरवलं हुतं, मायेनं. म्हनले घरचं रगात, घरचे बेडूक. डबा मी भरला. हातात आला त्यो — मी काख दाबली. किर्र केलं. मी खाली ठिवला. दुसरा धरला, किर्र केलं, खाली ठिवला. मंग एक थोराड धरली, ती गप. माज्या मनाला आसं गार वाटलं, भाऊ. म्हनलं ही गप हाय. ही काय बोलनार न्हाई. ही नाव घेनार न्हाई. चार तशाच घेतल्या. लंगड्याला रांजनाखाली कोंडला नि वर पाट ठिवला. नि तात्यांनी इचारलं बी न्हाई, म्हनले तू दिल्यास म्हंजी बाप्येच — तात्यांची काय चूक? मघाशी मी म्हनले तात्यांनी नेल्या. नेल्या त्यांनी, पर दिल्या कुनी.

लिवा. आता लिवा वहीत. गंगी शिदू, मळवली, भादवा, चारी बाया. का थांबलात?

मला कळत नव्हतं असं न्हाई. मगापास्नं तुमाला नर-मादी शिकवतीया मी. कळत हुतं समदं. पर त्या येळी असं वाटलं का आजार आजून आल्याला न्हाई, बेडकानं हाय म्हनलं का मंग येनार. बोललं न्हाई तर झालं न्हाई. खुळी म्हना. तात्या चिठ्ठी घिऊन आले — न्हाई. पार न्हाई. गंगी फलाटावर नाचली, हितं, लुगड्याचा बोंगा वर धरून, बजरंगनं हिरवा बावटा हालवला तिच्यासाठी. चार म्हैन्यांनी हासली ती. वाडीला वड्या केल्या अळूच्या. डागदरीनबाई म्हनल्या छान, आता दिवाळीनंतर या. नि मी त्या वड्या खाल्ल्या, भाऊ. चांगल्या झाल्या हुत्या. मला त्याचीच लाज वाटती, का मला त्या चांगल्या लागल्या.

आठ दिस झाले. गोठ्यामागं, शेनकुटाच्या आड, एक डागाळल्यालं धडपं वाळत घातल्यालं दिसलं मला. ती तितं कवा वाळत घालत न्हाई, तिचं समदं उघड्यावर. मी काय बोलले न्हाई, दुसऱ्या दिशी गेले तर आनि एक. आता ते नेहमीचं बायकांचं बी आसंल. आसंलच. वर्सभराचं अंग घुसळून निघाल्यावर मागंपुढं हुतंच. पर ती लपवतीया. मी इचारलं न्हाई का बरं हाय, ती म्हनली न्हाई का बरं न्हाई. दोघी शानपना करतोय. नि आठ दिसांत ती माज्याशी एकदा बी भांडली न्हाई.

बेस्तरवारी मी लोनावळ्याला चालत गेले. डागदरीनबाई म्हैन्यातनं एकदा तितल्या दवाखान्यात येतात. मी म्हनलं बाई, आमच्या शेजारच्या वाडीत एक बाई हाय, तिला तसंच द्राक्षाचं झाल्यालं, नि तिच्या रगताला बेडूक आजून हाय म्हनतो, तर तिची तिरडी बांधायची का? तर त्या माज्या अंगावर वरडल्या. म्हनल्या कोन म्हनलं तिरडी? त्या आजाराला आता गोळ्या निघाल्यात. हाच एक असा हाय का पार पसरला तरी लय बाया बऱ्या होतात, पर येळंत कळलं पायजे. येळंत. कळलं तर बाई नांदती ऱ्हाती, पुढं पोरं बी हुत्यात. न्हाई कळलं तर छातीत चढतं, मंग मी काय करू? कुटली वाडी, नाव सांग तिचं. मी म्हनलं इचारून सांगते. नि मळवलीपत्तूर मागारी चालत आले, वाटंत तीन येळा बसले. गोळ्या हायेत. मला कुनी सांगितलंच नव्हतं का गोळ्या हायेत — सांगितलं बी आसंल, पयल्याच दिशी, पर त्यो शबुद आयकल्यावर मला फुडचं कुटं आयकू आलं. मी वाघ येऊ ने म्हनून गुराख्याचं तोंड दाबून बसले, नि गुराखी वरडायला हुता म्हनूनच तर शेळ्या वाचनार हुत्या.

गंगीला काय सांगितलं न्हाई. म्हनलं डागदरीनबाईंचा निरोप हाय, दिवाळीच्या आधी रगात द्या, दिवाळीत त्यांना सुटी. ती म्हनली बरं. लगेच बरं म्हनली, बगा. शिदूला बी ठावं न्हाई. मी जात न्हाई संगं. तिच्या शेजारी पुन्यापत्तूर बसून माजं तोंड गप ऱ्हानार न्हाई, हितं तुमच्याशेजारी न्हाई ऱ्हायलं.

झाली घंटा. न्हाई, बसा, आजून येळ हाय. — ते गाडगं द्या हिकडं. भाकर न्हाई त्यात. सोडा फडकं, हळू. वळखलात? मागचा डावा पाय बगा, दोन बोटं न्हाईत. आठ दिस येकला ठिवलाय रांजनाखाली, कुनाचा सहवास न्हाई, हातानं किडं घातल्यात, मुंग्या घातल्यात, डोकं थंड हाय त्याचं. धरा काखंत. दाबा. आयकलं? उद्या गंगीचं रगात यील तुमच्याकडं, नावाची चिठ्ठी आसती, ती बगा नि त्याला टोचा, संगं डब्यातलं आनि तीन घ्या, पर आयकायचं ह्याचं. बाकीचे न्हाई म्हनले नि ह्यो येकला हाय म्हनला, तर तुमच्या मोठ्या डागदरांना सांगा, चुकला न्हाई म्हनावं. मागल्या डावाचं बी सांगा, कुनी केलं ते सांगा, माज्याकडनं बेडूक घेऊ नका म्हनले तर ऱ्हायलं. नि चिठ्ठी नका पाठवू, मला वाचता येत न्हाई, बजरंग मोठ्यांदी वाचतो. तुमी सवता या. हितं उतरा नि मला सांगा, आधी मला, मंग मी तिला सांगते, मीच सांगनार हाय, नाव घिऊन.

आली बगा, तोंड दिसाय लागलं गाडीचं. डबा ह्या हाताला घ्या, गाडगं त्या. दारात बसू नका, वारं लागंल त्याला. फडक्यावर दोन टायमाला पानी शिपडा. — माज्याकडं काय बगता, गाडीकडं बगा, मिनिटभर थांबती हितं. ए गंगे, पुढच्या डब्यात चढ, आन ते चनं टाक खाली, शिदूच्या खिशात समदी टरफलं केलीस भवाने. — बगा, फिरून शिवी दिली तिनं मला. आयकली ना? लय दिसांनी दिली.

जावा आता. आन लंगड्याला मागारी आना. हाय म्हनला तरी आना, त्याचा काय दोस न्हाई. जावा.